फ्लॅट राहायला, विकायला नाही

तुमच्या घरातलं वॉशिंग मशीन आठवड्यातून किती तास चालतं? चार? पाच? बाकीचा सगळा वेळ ते जागा अडवून उभं असतं, आणि त्या जागेचेही पैसे तुम्ही चौरस फुटाच्या दराने मोजलेले असतात.

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात ‘ला बोर्दा’ नावाची सहा मजली इमारत आहे. घरं २८, पण कपडे धुण्याची खोली सगळ्यांची मिळून एक. मोठं स्वयंपाकघर आणि जेवणाची जागाही सामायिक. पाहुण्यांच्या खोल्याही तशाच. म्हणजे वर्षातून आठ दिवस येणाऱ्या मावशीसाठी एक जादा बेडरूम वर्षभर पोसायला नको! तळघरात गाड्यांचं पार्किंग बांधलंच नाही, तोही खर्च वाचला. मधे वाड्यासारखा चौक आहे. त्यावरचं पारदर्शक छप्पर हिवाळ्यात ऊब धरून ठेवतं.

वस्तूंचा आणि साधनसंपत्तीचा वापर ठरवून कमी करायचा, पण जगण्याचा दर्जा खाली येऊ द्यायचा नाही, या विचाराला ‘डीग्रोथ’ म्हणतात. ऐकायला जड वाटतं, पण ला बोर्दात ते रोजच्या धुण्याभांड्यात दिसतं.

“आमचीही सोसायटी सहकारीच आहे की,” असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण आपल्याकडे बहुतेक सोसायट्यांमध्ये भाव वाढला की फ्लॅट विकून नफा कमावता येतो. इथे तसं करता येत नाही. जमीन महापालिकेची, ७५ वर्षांच्या करारावर घेतलेली. इमारत संस्थेची. सभासदाने सुरुवातीला ठेव भरायची आणि मग दरमहा ठरलेली रक्कम. घर सोडताना ठेव परत मिळते, वर नफा नाही. त्या बदल्यात अकरा महिन्यांनी सामान बांधावं लागेल, ही धास्तीही नाही. भाड्याने राहिलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

हे आयतं मिळालेलं नाही. ही जागा कान बात्यो या जुन्या कारखान्याच्या आवारातली. आवार लोकांना मिळावं म्हणून वस्तीने वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि २०११ मध्ये लोक आत शिरले. पुढे ‘कूप५७’ या सहकारी वित्तसंस्थेच्या मदतीने पैसा उभा राहिला आणि २०१८ मध्ये कुटुंबं राहायला आली.

सगळे निर्णय सभेत होतात, त्यामुळे बैठका भरपूर. सोसायटीच्या मीटिंगला दांडी मारणाऱ्यांचं तिथे कठीणच आहे. आणखी एक खरी अडचण म्हणजे ठेव. जिच्याकडे शिल्लकच नाही, अशा कुटुंबाला या घरांपर्यंत पोहोचणं अजूनही अवघड आहे.