ब्रेकमधली हवा

आपल्यापैकी काही गटांकडे आता स्वतःचा टेम्पो आहे. ज्यांच्याकडे नाही त्याही भाजीची क्रेट, मसाल्याची पोती घेऊन बाजाराला जाताना भाड्याच्या गाडीत बसतातच. टेम्पोचा हप्ता, विमा, डिझेल यांचा हिशोब आम्ही बैठकीत पै-पैनं करतो. ब्रेकचं नाव निघालं की मात्र "ते ड्रायव्हरदादा बघतील" म्हणून विषय संपतो. आज तोच विषय घेऊ.

"ब्रेक लागतो, फक्त दोन-तीनदा पंप करावा लागतो," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ताशी ४० किलोमीटरनं चाललेली गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढं जाते. पंप करण्यात दोन सेकंद गेले, तर बावीस मीटर गेले. पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना समोर वळण आलं, तर हे बावीस मीटर आणायचे कुठून? पंप केल्यावर लागणारा ब्रेक चांगला आहे, असं आम्ही मानत नाही.

पेडल असं मऊ का होतं, ते घरी करून बघता येतं. औषधाची नवी सिरिंज घ्या, सुई लावू नका. तिच्यात पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. तोंडावर बोट घट्ट धरून दट्ट्या दाबा. तो जागचा हलत नाही, सगळा जोर बोटावर येतो. आता पाणी काढून हवा भरा आणि तसंच करा. दट्ट्या आत जातो, सोडला की मागं येतो. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, एवढीच गोष्ट आहे.

टेम्पो, जीप, रिक्षा यांच्या ब्रेकमध्ये पाण्याच्या जागी ब्रेक ऑइल असतं. आपण पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ते ऑइल बारीक नळ्यांतून चाकांकडे ढकलतो आणि तिथले लायनर किंवा पॅड चाक धरतात. नळीत हवा शिरली की पायाचा जोर त्या हवेला दाबण्यातच जातो. विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरली की ती नुसती फिरते, पाणी चढत नाही, तसंच हे. (एसटीला तर हवेचेच ब्रेक असतात, असं एका बैठकीत विचारलं गेलं. प्रश्न बरोबर आहे. एसटीत आणि मोठ्या ट्रकमध्ये दाबून भरलेली हवाच ब्रेक लावते, स्टँडवर तिचाच फुस्स आवाज येतो. ती रचना वेगळी. आपल्या टेम्पोत हवा परकी.)

हवा काढायला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, चाकांना दगडाची ओट लावलेली. एक जण पेडलवर, दुसरा चाकापाशी. चाकामागं एक छोटं निप्पल असतं. त्यावर पारदर्शक नळी बसवायची आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं. पेडलवरच्यानं तीन-चार वेळा दाबून शेवटी दाबून धरायचं. मग मिस्त्री पान्यानं निप्पल जरासं सैल करतो, बाटलीत बुडबुडे येतात, पेडल खाली जातं. निप्पल आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही. हे एवढं तरी लक्षात ठेवा, कारण आधी पाय उचलला तर बाहेरची हवा तिथूनच आत ओढली जाते. म्हणून मिस्त्री ओरडत असतो, "ताई, दाबा! धरा! आता सोडा!" बुडबुडे थांबेपर्यंत हेच करायचं. सहसा सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात, पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. तो गाडीच्या पुस्तकात बघा. एबीएस असेल तर काम त्याची यंत्रं असलेल्या गॅरेजमध्येच करून घ्या.

मधेमधे वरच्या डबीत ऑइल ओतत राहायला हवं. डबी रिकामी झाली की पुन्हा हवा शिरते आणि तासाभराची मेहनत वाया. आमचा आग्रह असा, की गटाच्या गाडीचं हे काम चालू असताना गटातल्या दोघींनी तिथं उभं राहावं, जमलं तर एकीनं पेडलवर पाय ठेवावा. त्यात अवघड काही नाही. आणि बाटलीत किती बुडबुडे आले ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

हवा काढली आणि आठवड्यात पेडल पुन्हा मऊ झालं, तर परत हवा काढून भागणार नाही. कुठंतरी गळतंय. चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे का, नळीला चीर आहे का, ते शोधायला सांगा. पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं, तर गाडी बाहेर काढू नका.

आणखी एक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. घाटात सतत ब्रेक दाबून चाकं तापली की ते उकळतं, नळीत वाफ होते आणि वाफही हवेसारखीच दबते. सकाळी कडक असलेलं पेडल मग घाटाच्या मध्यावर मऊ पडतं. म्हणून दर दोनेक वर्षांनी ऑइल बदलावं, आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हरदादांना गटानं स्पष्ट सांगावं, असलं डिझेल आम्हाला वाचवायचं नाही.

झाकणावर डॉट ३ लिहिलंय की डॉट ४ ते वाचून, सीलबंद बाटलीच घ्या. इंजिन ऑइल चुकूनही ओतू देऊ नका, त्यानं आतली रबरं फुगतात. काढलेलं ऑइल परत वापरायचं नाही. ते विषारी असतं, तेव्हा पाण्याच्या बाटलीत भरून पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग निघतो.