बिनबांधाचे गाव

जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सरहद्दीपासून फार दूर नसलेल्या नॉर्डफ्रीसलांड जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोर, जो उथळ समुद्र दिवसातून दोनदा मागे हटून कोसगणती चिखलाचे मैदान उघडे पाडतो आणि दोनदा परत येऊन ते झाकून टाकतो, त्या समुद्रात ग्रोडे नावाचे एक गाव आहे. गाव म्हणजे अगदी सरकारी अर्थाने गाव: त्याला स्वतंत्र ग्रामपालिका आहे, सरपंच आहे, ठरलेली हद्द आहे आणि खानेसुमारीच्या दप्तरात स्वतःची एक ओळ आहे. त्या ओळीतील लोकसंख्येचा आकडा मात्र अलीकडे दहाच्या मागेपुढे घुटमळतो, आणि एखादे कुटुंब मुख्य भूमीवर राहावयास गेले की गावाची निम्मी वस्ती उठल्यासारखे होते. क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस किलोमीटर. म्हणजे माणशी जमीन भरपूर आहे, परंतु ती बारा महिने कोरडी राहील अशी हमी कोणी देत नाही.

ग्रोडे हे हालिग आहे. समुद्राची नित्याची भरती जेमतेम खाली राहील एवढ्याच उंचीचे, गवताने झाकलेले, सपाट आणि भोवती उंच बांध नसलेले असे जे भूखंड या किनाऱ्यावर उरले आहेत, त्यांना तेथील लोक हालिग म्हणतात. आज ते दहा आहेत. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत पश्चिमेच्या वादळाने पाणी रेटले, की समुद्र काठावरून शांतपणे आत शिरतो, कुरणे बुडतात, वाटा बुडतात, आणि घरे ज्यांवर बांधलेली असतात ते मानवनिर्मित मातीचे उंचवटे तेवढे पाण्यावर उरतात. या उंचवट्यांना वार्फ्ट असे नाव आहे, आणि पाणी चढण्याच्या त्या प्रसंगाला लांडउंटर, म्हणजे भूमी पाण्याखाली. वर्षातून अनेकदा घडणाऱ्या या घटनेची बातमी होत नाही. गुरे आधीच वर आणलेली असतात, बोट दोरखंडाने बांधलेली असते, आणि मंडळी खिडकीतून पाणी पाहत कॉफी पितात.

हा निश्चिंतपणा अर्थातच फुकट मिळालेला नाही. 1362 च्या जानेवारीत आलेल्या महापुराने या किनाऱ्याचा फार मोठा तुकडा गिळला आणि रुंगहोल्ट नावाची भरभराटीची पेठ त्यात अशी नाहीशी झाली, की पुढे कित्येक शतके ती दंतकथा आहे की इतिहास हाच वाद चालू राहिला. 1634 च्या ऑक्टोबरातील पुराने जुन्या नॉर्डस्ट्रांड बेटाचे तुकडे केले आणि हजारो माणसे एका रात्रीत बुडाली. या संहाराचे सगळे माप समुद्राच्याच पदरात घालणे न्यायाचे होणार नाही. खाऱ्या पाण्याने मुरलेले, कुजलेल्या वनस्पतींचे जे थर भूमीखाली होते, ते खणून, वाळवून, जाळून आणि त्यांच्या राखेतून मीठ काढून विकण्याचा धंदा येथील लोकांनी मध्ययुगात तेजीने चालविला होता. त्या खणतीने आणि शेतासाठी केलेल्या निचऱ्याने जमीन आधीच खचलेली होती. मिठाच्या पैशासाठी पायाखालची जमीन विकावी, आणि मग पाणी आले म्हणून दैवाला बोल लावावा, हा व्यवहार काही त्याच किनाऱ्यापुरता मर्यादित नाही.

ग्रोडे येथे वस्तीच्या वार्फ्ट दोन. क्नुट्सवार्फ्टवर राहती घरे आणि किर्शवार्फ्टवर चर्च; त्याच छपराखाली पूर्वी शाळाही भरे. आजचे चर्च 1779 मधले आहे, आणि त्याच्या आधीची चर्चे समुद्राने टप्प्याटप्प्याने नेली. शाळेचे म्हणाल तर विद्यार्थी दोन-चार असत, कधी त्याहूनही कमी, आणि एका पोराला पडसे झाले तर अर्धा वर्ग रजेवर जावा अशी तिची परिस्थिती होती.

जुन्या हालिगघराची रचना मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. एका लांबट छपराखाली एका अंगाला माणसे, दुसऱ्या अंगाला गुरे, आणि वर माळ्यावर वर्षाचे गवत. छपराचा भार भिंतींवर मुळी नसेच. तो वार्फ्टच्या पोटात खोल रोवलेल्या लाकडी खांबांवर तोललेला असे. हेतू हा, की लाटांनी विटांच्या भिंती पाडल्या तरी माळा उभा राहावा आणि त्यावर चढलेली माणसे तगावीत. वार्फ्टच्या मध्यभागी पावसाचे पाणी साठविण्याचे तळे असे, त्याला फेटिंग म्हणत. ते गुरांसाठी, आणि माणसांसाठी त्यालगत झाकलेले कुंड. समुद्र एकदा त्यात शिरला, की चहूकडे पाणीच पाणी असून पिण्यास थेंब नाही अशी अवस्था होई. पुढे मुख्य भूमीवरून समुद्रतळातून नळ आणले, तेव्हा कोठे ही भीती गेली. 1825 च्या फेब्रुवारीतील पुरात हालिगांवरील घरे मोठ्या संख्येने उद्ध्वस्त झाली. त्या वेळी हा मुलूख डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता, आणि राजा सहावा फ्रेडरिक स्वतः त्याच उन्हाळ्यात पाहणीस आला असता हवा बिघडल्यामुळे त्याला शेजारच्या होगे हालिगवर एका घरी मुक्काम करावा लागला. वादळाची दाद वादळाकडूनच लागावी, असाच हा प्रकार. 1962 च्या फेब्रुवारीतील पुरानंतर सरकारने घरांच्या मजबुतीची नवी तरतूद केली: प्रत्येक घरात वरच्या मजल्यावर एक आश्रयखोली, आणि ती वार्फ्टमध्ये खोल गाडलेल्या सिमेंट काँक्रीटच्या खांबांवर उभी. इंजिनियरांनी लाकडाच्या जागी काँक्रीट घातले एवढेच. मूळ हिशेब जुन्या सुतारांचाच राहिला.

तसाच हिशेब जमिनीच्या मालकीतही होता. हालिगांच्या कडा पाणी वर्षानुवर्षे कुरतडत असे. तेव्हा काठाची पट्टी एकाच्या नावे आणि मधली दुसऱ्याच्या नावे लावली असती, तर एकाचा खातेउतारा दर हिवाळ्यात आखूड होत गेला असता आणि दुसऱ्याचा जैसे थे राहिला असता. म्हणून जमीन समाईक ठेवून, अमुक घराला इतक्या गाईंच्या चराईचा हक्क, अशा हिश्श्यांनी वाटणी मोजण्याची वहिवाट पडली. गवत कापण्याच्या जागाही पाळीपाळीने वाटून घेत. समुद्राने जे नेले ते सर्वांचे मिळून गेले! आमच्या मते या मुलखातील सर्व बांधांहून आणि खांबांहून हा शिरस्ता अधिक चातुर्याचा होय; जमाबंदीच्या कोणत्याही कामगाराला तो पाहून एकदा तरी मान डोलवावीशी वाटेल.

कारभारही असाच समाईक आहे. श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांताच्या ग्रामकायद्यान्वये सत्तर किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावात निवडून दिलेली पंचायत नसते. मताधिकार असलेल्या सर्व रहिवाशांची सभा हीच गावाची सत्ता. ग्रामसभेला कोरम मिळत नाही म्हणून तहकुबीचे ठराव लिहिण्यात आपल्याकडील ग्रामसेवकांची हयात जाते; येथे जेवणाच्या मोठ्या मेजाभोवती बसले की सारे गाव हजर. दप्तराचे नित्य काम पेलवर्मच्या आम्टकडे, म्हणजे आसपासच्या गावांच्या सामाईक कचेरीकडे, सोपविलेले आहे. सार्वत्रिक निवडणुकांत ग्रोडेची मोजणी लवकर आटोपते, हे जर्मन वृत्तपत्रांचे आवडते कौतुक; गुप्त मतदान मात्र अशा ठिकाणी कितपत गुप्त राहत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

उपजीविकेची साधने बदलली आहेत. सतराव्या-अठराव्या शतकांत येथील पुरुष डच गलबतांवरून देवमाशांच्या शिकारीस उत्तर ध्रुवाकडे जात. आता काठावरील दगडी अस्तराची निगा राखण्याचे सरकारी काम, उन्हाळ्यात मुख्य भूमीवरून चराईसाठी बोटीने येणारी परक्यांची गुरे, आणि श्लुटझीलच्या धक्क्यावरून चार घटका पाहण्यास येणारे प्रवासी यांवर गाव चालते. वसंतात सैबेरियाच्या वाटेवरील काळ्या हंसकांचे थवेच्या थवे कुरणांवर उतरतात आणि गुरांच्या वाट्याचे कोवळे गवत खुडून नेतात. त्याबद्दल शेतकऱ्यांना सरकारातून भरपाई मिळते. गावाच्या हद्दीत हाबेल नावाचे आणखी एक चिमुकले हालिग मोडते, त्यावर उन्हाळ्यात एक पक्षिरक्षक राहतो, आणि बाकी रहिवासी पक्षीच.

प्रत्येक लांडउंटर ओसरताना कुरणांवर गाळाचा बारीक थर ठेवून जाते, आणि त्यानेच हालिग थोडेथोडे उंचावते. काठ वाचविण्यासाठी घातलेल्या दगडांमुळे गाळ आत येण्यासही अडथळा होतो, आणि इकडे समुद्राची पातळी चढत आहे. तेव्हा कोणाची चढण अधिक वेगाची, याची मापे शास्त्रज्ञ अलीकडे घेत असतात. गावकऱ्यांना त्या सकाळी दुसरेच काम असते. पाणी उतरले, की गमबूट घालून बाहेर पडावयाचे, आणि कुरणावर अडकलेली लाकडे, वेत, जाळ्यांचे तुकडे व प्लॅस्टिकचा कचरा वेचून ढीग लावावयाचा; कारण त्याखाली गवत कुजले, तर गुरांना चारा कमी पडतो.