सांडव्यावरचें सुख

आनंद म्हटला कीं तो रविवारीं लोणावळ्यास जाऊन, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजल्यानेंच लाभतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हें धरण इंग्रजी अमदानींत आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावें म्हणून बांधलेलें. नित्याच्या कामासाठीं सांठविलेलें पाणी भरून वाहूं लागतें, तेव्हां त्याचाच उत्सव होतो. आपल्या आठवड्याचेंहि तसेंच नाहीं काय?

आमच्या मावळांत इंद्रायणी तांदळाचा भात रोजचाच. वडगांवच्या संशोधन केंद्रानें १९८७ सालीं दिलेला हा वाण. परवां बुधवारीं त्याची वाफ माजघरापर्यंत दरवळली. ‘पानें वाढलीं कां?’ असें विचारावयास आम्ही गेलों, तों वहिनी झांकण हातीं धरून, डोळे मिटून क्षणभर उभ्या! आम्ही उंबऱ्यावरच थबकलों. साऱ्यांमागून जेवणाऱ्या त्या माउलीचा तेवढाच विसावा. तो आमच्या हांकेनें आजवर कितीदां मोडला असेल, हें मनांत येऊन आम्ही वरमलों. त्या दिवशीं पानें आम्हींच मांडलीं आणि वहिनींना पहिल्या पंक्तीस बसविलें.

वाचकहो, आनंद शोधावयास लोणावळ्यास अवश्य जावें. परंतु घरांत दुसऱ्याच्या वांट्यास आलेला क्षण आपल्या हांकेनें मोडूं नये, एवढें आधीं साधावें.