गुन्हेगारीविषयक चित्रपटांतील स्त्रीचित्रण, मराठी

गुन्हा, त्याची चौकशी वा त्याचे सामाजिक परिणाम हा मुख्य कथाविषय असलेल्या चित्रपटांत स्त्री सामान्यतः बळी, आरोपी किंवा साक्षीदार अशा तीन नात्यांनी येते. मराठीत यांपैकी साक्षीदार स्त्रीला विशेष स्थान मिळाले. त्यात सातारा–सांगली भागातील लेखकांचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेत हॉलिवुडच्या आरंभकाळात गुन्हेगार स्त्रीच्या भूमिका विपुल होत्या. पण त्यांचे वाटप वर्णभेदानुसार होई. डॉटर ऑफ द ड्रॅगन (१९३१) या चित्रपटात चिनी वंशाच्या अ‍ॅना मे वाँग हिला सूड घेणाऱ्या कन्येची भूमिका मिळाली, तर तिच्या चिनी पित्याचे काम स्वीडनमध्ये जन्मलेल्या वॉर्नर ओलंड याने केले. १९३० मध्ये स्वीकारलेल्या व १९३४ पासून कडकपणे राबविलेल्या निर्मितिसंहितेने गोऱ्या व काळ्या व्यक्तींमधील शरीरसंबंधांचे चित्रण निषिद्ध ठरविले आणि गुन्ह्याविषयी सहानुभूती निर्माण होऊ नये, असा दंडक घातला.

मराठीत प्रभात फिल्म कंपनीच्या कुंकू (१९३७) या चित्रपटाने फसवणुकीने लादलेल्या विजोड विवाहाचा प्रश्न हाताळला. कायद्याने गुन्हा न ठरणाऱ्या या अन्यायाविरुद्ध त्यातील नायिका उभी राहते. हा चित्रपट नारायण हरी आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवर आधारित होता. आपटे यांचा जन्म सांगलीनजीकच्या समडोळी येथे झाला व पुढे त्यांचे वास्तव्य सातारा जिल्ह्यातील कोरेगाव येथे होते. प्रभातच्याच माणूस (१९३९) या चित्रपटात शांता हुबळीकर यांनी साकारलेली मैना ही खुनाची आरोपी आहे. तिच्यावर प्रेम करणारा पोलीस शिपाई तिला सोडविण्याची तयारी दाखवितो. परंतु ती शिक्षा पत्करते. शांता हुबळीकर या मूळच्या कन्नडभाषक होत्या.

साक्षीदार स्त्रीचे ठळक उदाहरण म्हणजे अनंत माने दिग्दर्शित सांगत्ये ऐका (१९५९) हा चित्रपट. याची पटकथा आजच्या सांगली जिल्ह्यातील माडगूळ येथे जन्मलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी लिहिली. गावच्या पाटलाने केलेले अत्याचार चिमा ही तमासगीर स्त्री (हंसा वाडकर) फडावरून सर्व गावासमोर उघड करते. गावची सत्ता गुन्हेगाराच्याच हाती असल्याने न्यायासनाचे काम येथे रंगमंच करतो. पुण्यातील विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट १३१ आठवडे चालला.

वाटेगाव (ता. वाळवा) येथे जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) यांच्या साहित्याने या विषयाला जातीचे परिमाण दिले. वाटेगाव त्यावेळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. फकिरा या कादंबरीत हा शिक्का व हजेरीची सक्ती यांखाली भरडलेला मांग समाज, त्यातील स्त्रियांसह, दिसतो. ती १९६३ मध्ये पडद्यावर आली. त्यापूर्वी वैजयंता (१९६१, दिग्दर्शक गजानन जागीरदार) व पुढे टिळा लाविते मी रक्ताचा (१९६९) आणि अशी ही साताऱ्याची तऱ्हा (१९७४) हे चित्रपटही त्यांच्या कादंबऱ्यांवरून निघाले.

विषयाची व्याप्ती वाढली, तरी भूमिकावाटपात ती तितकीशी उतरली नाही. तमासगीर कुटुंबांतील स्त्रियांचे जीवन पडद्यावर आले. पण नायिकेचे काम बहुधा त्या कुटुंबांबाहेरील अभिनेत्रींकडे गेले. उदा., वैजयंतामधील नायिका जयश्री गडकर यांचा जन्म कारवार भागातील होता. इतरांनी रचलेली साक्ष वदणे आणि स्वतःची साक्ष देणे यांत अंतर असते. हंसा वाडकर यांनी त्याच चित्रपटाचे नाव दिलेल्या आत्मकथनातून स्वतःवरील अन्याय सांगितला. त्यावर श्याम बेनेगल यांचा भूमिका (१९७७) हा हिंदी चित्रपट आधारित आहे. पडद्यावर दुसरीची साक्ष देणाऱ्या अभिनेत्रीची स्वतःची साक्ष त्यामुळे चित्रपटाचा विषय झाली.