नावांच्या चौकशीची रवानगी

धुळ्याच्या पांझरेपलीकडील देवपुरात शिक्षणसंस्थांची वस्ती दाट आहे. आणि ज्या संस्थेचे ग्रंथालय, परीक्षा विभाग व वसतिगृह एकाच अंतर्गत जाळ्याने जोडलेले असते, तेथे ‘ग्रंथालय.इंटर्नल’ यासारख्या खाजगी नावाचा अंकात्मक पत्ता संगणकाने कोणाकडे विचारावा, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो.

पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 साली मांडलेल्या, नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस व्यवस्थेत स्थानिक सर्व्हर हा कचेरीतील आवक-जावक कारकुनासारखा असतो. अपरिचित नावाची चौकशी तो सरसकट बाहेर रवाना करतो, आणि बाहेरच्या दप्तरी ते नाव दाखलच नसल्यामुळे ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हा जबाब परत येतो. यावरची तजवीज फार सुबक आहे. स्थानिक सर्व्हर म्हणून चालणाऱ्या डीएनएसमास्क या प्रणालीच्या फायलीत ‘सर्व्हर’ हा शब्द, बरोबरचे चिन्ह, दोन तिरप्या रेघांमध्ये ‘इंटर्नल’ आणि त्यापुढे अंतर्गत सर्व्हरचा पत्ता, उदाहरणार्थ 10.0.0.53, एवढी एकच ओळ लिहिली, की त्या प्रत्ययाची नावे तिकडे वळतात व इतर सर्व पूर्ववत बाहेर जातात. दोन नियम लागू पडल्यास अधिक नेमका तो ग्राह्य धरला जातो.

‘इंटर्नल’ हा प्रत्यय इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनने 2024 साली खाजगी वापरासाठी राखून ठेवला, म्हणून तोच घ्यावा. ‘लोकल’ मल्टिकास्ट डीएनएसकडे गेलेला असल्याने कटाक्षाने टाळावा. उत्तरांवरील स्वाक्षरीची पडताळणी चालू असेल, तर मात्र काही सर्व्हर प्रणालींत ‘इंटर्नल’ या प्रत्ययापुरता अपवाद नोंदवावा लागतो, अन्यथा तेथे अंतर्गत सर्व्हरचे खरे उत्तरही नामंजूर होते.