पाऊस वाढला, नियम सैल झाले : मुखेडच्या शेतकऱ्याला त्याचं काय?

मुखेड : ऑगस्ट 2025 मधली ती रात्र तालुका विसरलेला नाही. 17 तारखेच्या रात्री धो-धो पाऊस पडला, त्यात उदगीर आणि कर्नाटकाकडून पाण्याचा लोंढा आला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावं पाण्यात गेली. एसडीआरएफ आणि लष्कराच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. हसनाळमध्ये माणसं गेली, जनावरं दगावली, उभी पिकं खरडून गेली.

तालुक्यात सुमारे 206 मिलिमीटर पाऊस झाल्याचं सरकारनं सांगितलं. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की तहसीलच्या कागदावर अतिवृष्टी लागते. म्हणजे इथं अतिवृष्टीच्या तिप्पट पाऊस पडला.

तेव्हापासून वाद चालू आहे. पुनर्वसन पूर्ण होण्याआधीच लेंडी धरणाची घळभरणी केली, म्हणून पाणी गावात तुंबलं, असं गावकरी म्हणतात. ढगफुटीसारखा पाऊस झाला, ही प्रशासनाची बाजू. या वादात दोन वेगळे प्रश्न आहेत. एवढा पाऊस का पडतो? आणि मोठं काम हाती घेण्याआधी तिथल्या माणसांना विचारलं जातं का?

एवढा पाऊस का पडतो?

हवा तापली की ती जास्त बाष्प धरून ठेवते. तापमान एक अंशानं वाढलं तर साधारण सात टक्के जास्त. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जग तापलंय. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत 2024 हे आतापर्यंतचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. कारखानदारीच्या आधीच्या काळापेक्षा ते सुमारे दीड अंशानं जास्त तापलेलं होतं.

अरबी समुद्रही तापतोय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीनं वाढल्या. महिनाभर उघडीप आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस, हे आपल्याकडचं दुखणं त्याच जातीचं आहे.

आधी विचारायचं, मग खोदायचं

लेंडी प्रकल्प ऐंशीच्या दशकातला. तेव्हा जनसुनावणीची सक्ती नव्हती. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी बंधनकारक करणारी अधिसूचना 1994 मध्ये आली, जनसुनावणी 1997 मध्ये सक्तीची झाली. सध्या 2006 ची अधिसूचना लागू आहे.

जनसुनावणी म्हणजे काय? प्रकल्पामुळे पाणी, जमीन, हवा यांवर काय परिणाम होईल याचा अहवाल आधी तयार होतो. त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. किमान 30 दिवस आधी नोटीस निघते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, प्रदूषण नियंत्रण मंडळ सुनावणी घेतं आणि चित्रीकरण होतं. मात्र एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते : सुनावणीला कोरम लागत नाही. दहाच माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात.

नियम सैल कसे झाले?

मार्च 2017 मध्ये केंद्र सरकारनं मंजुरी न घेता काम सुरू केलेल्यांना नंतर मंजुरी घ्यायची वाट मोकळी करून दिली. आधी पेरणी, मग सातबारा, असा प्रकार.

28 मार्च 2020 रोजी, लॉकडाऊन लागून चारच दिवस झाले असताना, रस्ते आणि पाइपलाइनच्या कामासाठी माती-मुरूम उपसायला मंजुरीतून सूट मिळाली. सर्वोच्च न्यायालयानं ती 21 मार्च 2024 रोजी रद्द केली. 2025 मध्ये सरकारनं अटी घालून सवलत पुन्हा आणली. गावाशेजारची टेकडी किंवा गायरान पोखरलं की पावसाचं पाणी कुठं वळतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

2020 मध्येच नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. त्यात जनसुनावणीसाठी सूचना देण्याची मुदत 30 वरून 20 दिवसांवर आणायचं ठरलं होतं. मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत होता. सर्व भाषांत भाषांतर करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. देशभरातून लाखो हरकती गेल्या आणि मसुदा अंतिम झाला नाही. मंत्रालयाच्या परिपत्रकांतून मात्र बदल होत राहिले.

काम झाल्यावर मंजुरी देणं सर्वोच्च न्यायालयानं 16 मे 2025 रोजी बेकायदा ठरवलं. पण 18 नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं दोन विरुद्ध एक मतानं तो निकाल मागे घेतला. पूर्ण झालेले सार्वजनिक प्रकल्प पाडले तर मोठं नुकसान होईल, हे बहुमताचं कारण होतं. न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी विरोधी मत नोंदवलं.

हे फक्त भारतात चाललेलं नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनंही पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा आदेश काढला. विकास थांबू नये, रोजगार हवा, हे कारण सगळीकडे पुढे केलं जातं, आणि ते खोटंही नाही. मुखेड-देगलूरला पाणी हवं, रस्ते हवेत. पण हिशोब आधी झाला नाही तर तो नंतर होतोच, आणि मग तो पाण्यात गेलेल्या गावांना भरावा लागतो.

गावाच्या हातात काय आहे?

जनसुनावणीची नोटीस लागली की ग्रामसभेत ती वाचून घ्या. मराठी सारांश मागा. तोंडी बोला आणि लेखी हरकतही द्या, पोच घ्यायला विसरू नका. मंजुरीची कागदपत्रं केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर बघायला मिळतात. दिलेल्या मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे 30 दिवसांत अपील करता येतं. योग्य कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात.

पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही. तो कुठं कोसळायचा ते आपल्याला ठरवता येत नाही. पडलेल्या पाण्याच्या वाटेत काय बांधायचं आणि काय खोदायचं, हे मात्र माणसंच ठरवतात, आणि ते ठरतं तेव्हा हसनाळ, रावणगावसारख्या गावांची माणसं तिथं हजर असायला हवीत.