ओळख रमची, भाग ६ : आधी नाक, मग जीभ

मागच्या भागात मळीपासून रम कशी तयार होते ते पाहिलं. आज चव घ्यायची, आणि त्यासाठी मी जमैकातली अगदी साधी, स्वस्तातली बाटली निवडली आहे : रे अँड नेफ्यू व्हाइट ओव्हरप्रूफ. रंग पाण्यासारखा, अल्कोहोल ६३ टक्के. ही पिंपात मुरवलेली नसते, म्हणून लाकडाचा गोडवा नाही. आंबवण आणि भट्टी कशी होती, ते सरळ नाकाला कळतं.

तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. ३० मिलि ओता आणि दहा मिनिटं हातही लावू नका. मग ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि सावकाश वर आणा. नाक एकदम आत घातलंत तर भपकाऱ्याने ते बधिर होईल. पहिला येतो नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. पुष्कळ लोक इथेच तोंड फिरवतात. जरा थांबा. त्याच्या मागून येतं सालीवर काळे डाग पडलेलं केळं, आणि मग अननस, चिरून बराच वेळ उघड्यावर राहिलेला.

हे सगळे वास एस्टरचे. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून ते बनतात. रिमूव्हरसारखा वास इथाइल अ‍ॅसिटेटचा, अननसाचा इथाइल ब्युटिरेटचा. जमैका यासाठीच प्रसिद्ध आहे. ट्रेलॉनी परगण्यातल्या हॅम्पडेनसारख्या जुन्या भट्ट्यांत आंबवण दिवसांवर नव्हे, आठवड्यांवर चालते आणि भट्टीत उरलेलं आंबट पाणी, ज्याला तिथे 'डंडर' म्हणतात, पुढच्या घाण्यात वापरतात. आपल्या साखरपट्ट्यात त्यालाच स्पेंट वॉश म्हणतात आणि त्याची विल्हेवाट लावताना डिस्टिलरीच्या नाकी नऊ येतात! तिथे त्याच पाण्यातून सुगंध काढतात. सर्वांत उग्र रममध्ये शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे १६०० ग्रॅमपर्यंत एस्टर असतात. आपली आजची बाटली त्या मानाने बरीच सौम्य.

आता १५ मिलि साधं पाणी घाला. रम ४२ टक्क्यांच्या आसपास येते आणि फळं एकदम मोकळी होतात. लहान घोट घ्या, जिभेवर फिरवा, गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. आधी उसाचा हिरवट गोडवा, मग मिरीसारखा चटका, शेवटी पुन्हा केळं.

'स्मूथ आहे का?' हा प्रश्न मला इथे चुकीचाच वाटतो. स्वस्त रम गुळगुळीत करायला थोडी साखर पुरते. असा वास काही साखरेने येत नाही. मी गुण देतो ते पाणी घातल्यावर फळ टिकलं का, याला. नुसता रिमूव्हर उरला तर बाटली नापास. ही पास होते, आणि चांगल्या गुणांनी. मवाळ चव हवी असेल त्यांनी पिंपात मुरलेली अ‍ॅपलटन सिग्नेचर घ्यावी.

एक परीक्षा राहिली. ग्लास न धुता रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं. माझ्या ग्लासात तळाशी ओल्या उसाच्या चिपाडाचा आणि अननसाचा वास होता, चहा होईपर्यंत टिकलेला.